दळून देऊ की अख्खी?

लक्ष्मीपुरीत चन्नाप्पांच्या दुकानात
दर दुसऱ्या शनिवारी तोच प्रश्न :
"दळून देऊ अक्का, की अख्खी?"
पहिल्यांदा मी 'कॉफीचे दाणे' म्हणाले
तर त्यांनी शेंगदाण्याच्या पोत्यात माप घातलं होतं.
आता सवय झाली आहे दोघांना.
मागं यंत्र आहे. बटण दाबलं
की मिनिटभरात पीठ,
कागदाची पुडी हाताला गरम लागते.

सोपं आहे ते.
मिरची तरी कुठं मी घरी कुटते?
एप्रिलात डबा घेऊन कांडपाला उभी राहते,
पदर नाकाला, नजर डंकावर,
आपलीच मिरची आपल्याच डब्यात पडते ना, बघत.
गहू गिरणीत. हळद गिरणीत.
मग कॉफीनंच असं काय पुण्य केलंय
की ती घरी, हातानं,
अर्धा अर्धा तास?

घरी लाकडी चक्की आहे, वितीएवढी.
वर पितळी वाटी, खाली काडेपेटीसारखा खण.
मूठ तीनदा बदललेली.
आतले दाते ह्यांनी स्वतः घासून बसवलेत,
उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत, लेथवर.
चौगुले मेस्त्री म्हणायचे सगळे.
अर्धा थाउ इकडचा तिकडं झाला
तर जॉब परत.
"केसभरच तर फरक आहे," असं एका पोरानं म्हटलं,
तर विचारलं होतं : कुणाच्या केसाचा?

आता हात थरथरतो.
नुसता मांडीवर ठेवला तरी.
बशीत कप वाजतो,
शर्टाच्या काजाला गुंडी भेटत नाही.
पाहुणे आले की तो हात उशीखाली जातो
आणि पाहुणे जाईपर्यंत तिथंच राहतो.

पण मूठ धरली, फिरवायला लागले,
की थांबतो.
सीपीआरच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं,
मी मान हलवली, विसरले.
मला एवढंच माहीत :
आधी कडाड, मग खरखर,
मग दाणे संपल्यावरचा तो मोकळा आवाज,
आणि तेवढा वेळ
मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
एक टर्नर कामावर हजर.
चिमूट उचलतात, दोन बोटांत चोळतात.
"जाड आली."
"चालतंय की."
"चालतंय कसं?"
खणातली सगळी परत वाटीत.

म्हणून अख्खी घेते.

पण रोजचा दिवस अख्खा नसतो.
मूठ सुटते. दाणे फरशीभर,
कपाटाखाली, चपलांत सुद्धा.
ते उचलायला वाकतात, मी वाकू देत नाही,
आणि मग संध्याकाळपर्यंत
घरात फक्त पंखा बोलतो.

तेव्हापासून चन्नाप्पांना सांगते,
पाव किलो अख्खी.
त्यांनी तराजू उचलला की म्हणते, थांबा,
शंभर ग्रॅम दळून. वेगळ्या पुडीत.
ते विचारत नाहीत कशाला.
दोरा मात्र दोनदा गुंडाळतात,
वास बाहेर येऊ नये म्हणून.

ती पुडी तांदळाच्या डब्यामागं.

परवा रात्र वाईट गेली.
ह्यांना जाग यायच्या आत मी
चक्की ओट्यावर आणली,
खणात चार चमचे त्या पुडीतली भरली,
दांडीही जराशी फिरवून ठेवली, पुराव्याला.
उठल्यावर म्हटलं, आज मीच दळली.

खण ओढला त्यांनी. तिसऱ्या खेपेला उघडला.
चिमूट. दोन बोटं.
खिडकीकडं नेऊन उजेडात बघितली.
"हा जॉब," म्हणाले, "बाहेरनं करून आणलाय."

मी गॅसची ज्योत बारीक केली,
मग मोठी केली.

"फिनिश बरं आहे,"
म्हणाले, बऱ्याच वेळानं.
"किती घेतात?"